दार लागल्यावर

"पण विमान तर इथेच उभं आहे!" मी म्हणाले.

"दार लागलंय, मॅडम," गेटवरचा माणूस म्हणाला. मानही वर न करता.

काचेपलीकडे, हाकेच्या अंतरावर, माझं विमान बारीक पावसात भिजत उभं होतं. मी काचेवर हात आपटला, मग त्याच्या टेबलावर आपटला.

"माझी बहीण मरतेय हो... जाऊ द्या मला."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. सावळा, किडकिडीत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तो ताडकन उठला. फोनवर कुणाशी तरी बोलला, विनवण्या केल्या, आणि फोन ठेवून नुसती मान हलवली. एकदा लागलेलं दार उघडणं त्याच्या हातात नव्हतं. तेवढ्यात विमान मागे सरकायला लागलं. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले, आणि मनातल्या मनात त्याचं नावही तेव्हाच ठेवलं – दारवाला.

खरं तर चूक माझी होती. मी घड्याळं दुरुस्त करते. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी दोन-तीन दिवस आपल्याच हातात घालून बघायचं असतं. टेबलावर शहाण्यासारखं चालणारं घड्याळ माणसाच्या मनगटावर चढलं की आपले रंग दाखवतं. म्हणून माझ्या एका हातात माझं घड्याळ असतं आणि दुसऱ्यात गिऱ्हाइकाचं. त्या सकाळी घाईत माझं घरीच राहिलं. उरलं ते एका निवृत्त मास्तरांचं, चांगलं अर्धा तास मागे पडणारं. हातात घड्याळ आहे एवढंच मला कळत होतं. कुणाचं, हे कळण्याइतकी मी ठिकाणावर नव्हते. या विमानतळावर पुकाराही करत नाहीत. आणि फोन मी बंद करून पिशवीच्या तळाशी घातला होता, कारण तो वाजला तर काय ऐकावं लागेल याची भीती वाटत होती. एका कोपऱ्यात बसून मी मनगटाकडे बघत होते आणि स्वतःला सांगत होते, वेळ आहे अजून. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ताईने मला आईच्या मागे वाढवलं. आता तिचं दुखणं शेवटाला आलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, कळा थांबवायचं इंजेक्शन द्यायला हवं, पण ते दिल्यावर ती परत शुद्धीवर येईल असं नाही. ताईने हट्टच धरला. धाकटी आल्याशिवाय मला झोपवायचं नाही. सकाळपासून ती कळा सोसत माझी वाट बघत होती, आणि मी इथे जमिनीवर फतकल मारून बसले होते.

दारवाला टेबलामागून बाहेर आला आणि चक्क माझ्यासमोर उकिडवा बसला.

"आधी ऐका. जातानाचं विमान चुकलं की परतीचं तिकीट आपोआप रद्द होतं, ते मी होऊ दिलं नाही. संध्याकाळच्या विमानात एक जागा होती, ती तुमच्या नावावर केली. रस्त्याने निघालात तर उद्या पोहोचाल, तेव्हा तो विचार सोडा. आणि..."

"आणि काय?"

"काहीतरी खाऊन घ्या. हे नियमात नाही. मी सांगतोय."

"दार लावायचं आणि वर जेवायला वाढायचं?"

"दार लावायचा पगार मिळतो. वाढायचा नाही."

थोड्या वेळाने त्याच्या जागी एक मुलगी बसली आणि तो कागदी कपातून चहा घेऊन आला. टाय सैल केलेला, शर्टावर पावसाचे दोन थेंब.

"साखर किती?"

"तुम्हाला कच्चं खावंसं वाटतंय मला, आणि तुम्ही साखर विचारताय?"

"मग दोन चमचे घालतो. मी फार कडू आहे."

एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा फक्त एवढंच लक्षात आलं, की हा माणूस शिव्या खाऊनसुद्धा परत आला. मी चहाचा एक घोट घेतला आणि धीर करून फोन चालू केला. लगेच वाजला. भाऊजी होते, ताईचे यजमान.

"कुठवर आलीस गं?"

मी सांगितलं.

"संध्याकाळपर्यंत?" भाऊजींचा आवाज फाटला. "अगं, ती उशी चावतेय... नर्स दोनदा इंजेक्शन घेऊन आली, दोन्ही वेळा हिने परत पाठवली. माझं ऐकत नाही. तूच सांग, मी काय करू?"

ते रडायलाच लागले. मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. दारवाल्याने सगळं ऐकलं होतं.

"एक बोलू?"

"नको."

"तरी बोलतो. त्या तुमच्यासाठी जाग्या आहेत. तुम्ही 'झोप' म्हणालात तरच झोपतील."

"तुम्हाला काय हो, दारं लावायची सवयच आहे!" माझा आवाज इतका चढला की आजूबाजूची माणसं वळली. "मी पोहोचेन तेव्हा ती बोलणार नाही. परत कधीच बोलणार नाही. कळतंय का, मला काय करायला सांगताय ते?"

"कळतंय," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर इथून उठवत नाहीये मला."

मी त्याच्याकडे बघितलं. फोनच्या वेळी माझ्या हातून घेतलेला कप तो अजून सांभाळून धरून होता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. मी व्हिडिओ कॉल लावला.

ताईचं तोंड एवढंसं झालं होतं. कपाळावर घाम.

"आलीस?"

"नाही गं... विमान चुकलं."

"तुझं? घड्याळवालीचं?" ती हसायला गेली आणि कळ आली तशी डोळे मिटून घेतले. "असू दे. मी थांबते. संध्याकाळपर्यंत थांबते की..."

"ताई, नको थांबूस."

तिने डोळे उघडले.

"इंजेक्शन घे. झोप तू. मी येतेच आहे, तुझा हात धरून बसते. तू जागी नसलीस तरी मला चालेल."

चालणार नव्हतं. तिच्याशी इतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

"नक्की?"

"नक्की."

"सुटले गं बाई..." ती म्हणाली. "फार दुखतंय." सकाळपासून कुणापुढेही ती हे बोलली नव्हती. मग तिची नजर माझ्या खांद्यामागे गेली. "हा कोण, चहा घेऊन उभा?"

"यानेच दार लावलं माझ्या तोंडावर."

"अगंबाई! आणि वर चहा पाजतोय? दिसायला बरा आहे हं." ती धापा टाकत थांबली. "अहो दारवाले... आमच्या या वेडीला आज एकटीला ठेवू नका."

"नाही ठेवणार," तो म्हणाला. शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहून.

भाऊजींनी नर्सला हाक मारली. ताईने माझ्यावरची नजर न काढता हात पुढे केला. मी बोलत राहिले. लहानपणी ती माझी वेणी इतकी घट्ट घालायची की भुवया वर चढायच्या, शेजारच्यांच्या पेरूंसाठी आम्ही मार खाल्ला होता, असलंच काहीबाही. तिचे डोळे जड होत गेले, मिटले, तरी मी बोलतच होते. शेवटी भाऊजींनीच फोन बंद केला.

त्याची पाळी दुपारीच संपली. तो घरी गेला नाही. शेजारच्या खुर्चीवर बसून राहिला, मी रडले तेव्हा रुमाल दिला, आणि मध्येच म्हणाला, "धुतलेला आहे हो, बघून घ्या." संध्याकाळी मला विमानाच्या दारापर्यंत सोडायला आला.

"तुम्ही पहिल्यांदा बोललात ना, तेव्हा मी वर बघितलं नाही," तो म्हणाला. "दार माझ्या हातात नव्हतं. वर बघणं होतं."

मी त्याच्या बाहीला नुसता हात लावला आणि आत गेले.

ताई पुन्हा जागी झाली नाही. मी तिचा हात धरून बसले, म्हटल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी, भाऊजी खिडकीचा पडदा सारत असताना, ती गेली.

सगळं आवरून मी परतले तेव्हा तो बाहेरच्या बाकाजवळ उभा होता. साधा निळा शर्ट, केस विंचरायचा प्रयत्न केलेला. माझ्या परतीचा दिवस त्याला माहीत असणारच. त्याने बॅग घ्यायला हात पुढे केला, पण मी दिली नाही.

"आधी बोलायचंय," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. पण... ते विमान मिळालं असतं, तर ताई माझ्याशी समोर बसून बोलली असती. आणि तुम्ही मला भेटला नसतात. तुम्हाला बघितलं की मला हे आठवणार. झेपेल तुम्हाला?"

माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी बॅगा ओढत जात होती.

"आठवेल त्या दिवशी सांगा," तो म्हणाला. "मी काही बोलणार नाही. जवळ बसेन."

"आणि नाही आठवलं त्या दिवशी?"

"त्या दिवशी मग तुमची काही खैर नाही. मी एवढी बडबड करतो की घरचे कंटाळलेत. तुम्हीही कंटाळाल."

मी हसले. ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि हसले म्हणून इतकी लाज वाटली, की तिथल्या तिथे, भर गर्दीत, मला रडू फुटलं. मी बाकावर बसले आणि तोंड हातांत झाकून घेतलं.

तो काही बोलला नाही. जवळ बसला.