बशीरभाईचा हात

साहेब, डोणगावातल्या त्या घरात ऐन हळदीच्या दिवशी सुतक पडल्यासारखं झालं, ते तुमच्यामुळे. दीपकच्या खांद्यावर हात टाकून तुम्हीच म्हणालात, "ज्यायनं तुह्या भावाले मारलं, त्यायच्याच हातानं पुतणीले चुडा भरता का बे?" आणि दीपकनं दारात आलेल्या बशीर मणियाराला परत पाठवलं. सत्तरीचा म्हातारा, बांगड्यांचं गाठोडं खांद्यावर, आल्या पावली जानेफळच्या रस्त्याला लागला...

आत पुष्पांजली हळद कालवत होती. तिचा नवरा गणेश नऊ वर्षांपूर्वी शहरातल्या बॉम्बस्फोटात गेला, तेव्हापासून हा धाकटा दीरच घर ओढत होता. तिच्या लेकीचं, छकुलीचं शिक्षण त्यानं केलं, आता लग्नही तोच लावत होता, स्वतःचं मात्र लांबवत राहिला. त्या उपकारापुढे पुष्पांजलीनं नऊ वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. आजही तिनं अपमानाचा तो घोट गिळलाच असता.

पण दीपक मेहकरहून तयार हिरवा चुडा घेऊन आला, आणि घोळ तिथं झाला. त्या घरातल्या बायांनी लग्नाची बांगडी स्वतः कधी भरलीच नव्हती. तीन पिढ्यांचे हात बशीरच्या घराण्याच्याच हाती गेलेले. सिंधूआत्यानं तेल लावून जोर केला, तशी अंगठ्याच्या उंचवट्यावर अडून पहिलीच बांगडी फुटली. छकुलीच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली.

"राहू दे आत्या," छकुली हात मागं घेत म्हणाली. "बशीरमामा भरतीन तर भरीन. नाही तर बोडक्या हातानं उभी राहतो."

"छकुले, तुह्या बापाले ज्यायनं..." दीपकचा आवाज चिरकला.

पुष्पांजलीनं हळदीचं भांडं खाली ठेवलं.

"भाऊजी, तुमच्या दादाची मयत आली तवा तुम्ही शुद्धीवर नव्हते. बाया माह्या बांगड्या फोडाले दगड घेऊन बसल्या होत्या. बशीरभाई म्हणे, सरका, मी उतरवतो. एक एक अलगद काढली त्यायनं, एक नाही फुटू देली. अन् माह्याहून जास्त रडून राह्यले होते. म्हणे, 'बहन, बॉम्ब ठेवणाऱ्यानं अल्लाचं नाव घेतलं असन तर चोरून घेतलं. मी पाच वखत तेच नाव घेतो. कोनाचं घर मोड म्हणून त्यानं मले कधी नाही सांगतलं.'"

दीपक भिंतीला टेकून खाली बसला.

"मले काऊन नाही सांगतलं वहिनी?"

"तुमच्यापाशी दादाचं म्हणून तेवढा रागच उरला होता, भाऊजी... तोबी कसा हिसकू?"

तो उठला. गाडीला किक मारून निघून गेला. तासाभरानं परतला तेव्हा मागं बशीरभाई बसलेले, गाठोडं मांडीवर.

"हळू थांबव बे," म्हातारा करवादला. "काच फुटली तर चुडा काय तू घडवशीन?"

मांडवातल्या बाया खुसखुसल्या. बशीरभाईंनी छकुलीचा पंजा दाबून दाबून मऊ केला, अंगठा आत मुडपला, आणि बांगड्या पाण्यासारख्या सरकत गेल्या. चुडा भरला की नवरीनं मणियाराच्या पाया पडायचं, ही तिथली रीत. छकुली पडली. तिच्या पाठोपाठ, कुणी सांगितलं नसताना, दीपकही वाकला. डोळ्यांतलं पाणी लपवत म्हातारा म्हणाला, "तू काऊन वाकतं लेका? तुले का चुडा भरू?"

पुष्पांजली हसली. नऊ वर्षांचं मौन त्या हसण्यात विरघळून गेलं...

साहेब, लग्न झालं, छकुली वडनेरला सुखात आहे. तुम्हीही पंगतीत होतात, आणि बशीरभाई वाढत असताना बुंदी दोनदा मागून घेतलीत. धर्म वेगळा आणि त्याचं नाव पुढं करून खून पाडणारी टोळी वेगळी, हे दीपकला एका दुपारी कळलं. तुम्हाला आधीपासून कळत होतं, तरी तुम्ही ते विष पेरलंत. येत्या सोमवारी तुमची सभा आहे. पुष्पांजली विचारते आहे, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव तुम्ही भाषणात घेता, ते कुणाला विचारून? सभेआधी तिच्या दारात या आणि तिच्या तोंडावर उत्तर द्या.