एक मिलिमीटर कमी

त्या दिवशी अब्बांनी अर्धी भाकरी डब्यात परत ठेवली आणि रोजच्यासारखं म्हणाले, "मीठ कमी." चिकलठाण्याच्या आमच्या शेडमध्ये सागाचा भुसा तरंगत होता. त्यांच्या हातात वासिफनं कागदावर आखून दिलेल्या दाराच्या मुठीचा लाकडी नमुना होता. असा नमुना आधी कोरायचा, मग वाळूत त्याचा साचा उठवायचा आणि त्यात अॅल्युमिनियम ओतायचं. अब्बांची हयात यातच गेली.

"झेबा, धरून बघ."

मी मूठ धरली. चारही बोटं नेमकी बसली.

"हात तुझाच हाय. पण लाकडातच नेमका बसला, म्हंजे ओतून आकसल्यावर एक मिलिमीटर कमी. पोरानं माझ्या पट्टीनं मोजलं वाटतं. तुला ठाऊक व्हतं?"

"...व्हय."

ते रागावले नाहीत. नमुना बाजूला ठेवला. "मग सांग त्याला. तू सांगितल्याबिगर मी पुढं हात लावत नाय."

"उद्या सांगते, अब्बा."

दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजाला अब्बा उठले नाहीत. वासिफनं जनाज्याला खांदा दिला. मी दारातून पाहिलं.

वासिफ पहिल्यांदा आला तो पत्ता चुकून. आठ महिन्यांपूर्वी मी कॉलेजात गणित शिकवून अब्बांचा डबा घेऊन आले, तर शेडच्या दारात हा उभा. काखेत कागदाची गुंडाळी, भुवयांवर मार्चची धूळ. शोधत होता दुसरंच वर्कशॉप, पण रमला आमच्याकडंच.

"यात सुवर्ण गुणोत्तर आहे," कागद पसरत तो म्हणाला. "मूठ एक, तर मागची प्लेट एक पूर्णांक सहाशे अठरा. नजरेला आपोआप बरं वाटतं."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"संख्या सुंदर आहे, मान्य. पण दारं नजरेनं उघडत नाहीत."

"मग कशानं उघडतात, मॅडम?"

मी हात पुढं केला.

त्यानं टेबलावरची पट्टी उचलली आणि माझ्या चार बोटांखाली धरली. स्पर्श झाला नाही... त्याचं नख एका केसाच्या अंतरावर थांबलं होतं. ती पट्टी ओतकामाची. धातू थंड होताना आकसतो, म्हणून तिच्यावरची प्रत्येक रेघ थोडी ऐसपैस असते. शाळेत तीच दप्तरात नेऊन मी भूमितीचे मार्क घालवले होते. मला ती डोळे मिटूनही ओळखता आली असती.

"सत्त्याहत्तर," तो म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर होते. मी काहीच बोलले नाही.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. कधी रंग दाखवायला, कधी नुसता चहाला.

"ही तुमची संख्या दशांशात लिहायला घेतली तर संपतच नाही," मी एकदा चिडवलं.

"बरंय की. मलाही घाई नाही."

अब्बांचा चाळिसावा झाला, त्यानंतरच्या गुरुवारी तो आला. अब्बांचा चष्मा अजून रंध्याजवळच होता. त्यानं तो हलवला नाही.

"कोइमतूरला नोकरी लागली," तो म्हणाला. "सोमवारी निघतो. नमुना... आहे तसाच घेऊन जाऊ?"

"नको."

"चाचांच्या हातचा आहे. अर्धा असला म्हणून काय झालं? प्रमाण मी तीनदा तपासलंय."

"प्रमाण बरोबरच येणार. सगळंच सारखं लहान झालंय. माप चुकलंय."

त्याला कळेना. मी पर्समधून कॉलेजची साधी पट्टी काढली, भुसा पुसला आणि टेबलावर हात ठेवला.

"पुन्हा मोज."

त्याच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलले. त्यानं वर पाहिलं, मग वाकून पट्टी धरली. या वेळी त्याचं बोट माझ्या करंगळीला टेकलं आणि तिथंच राहिलं.

"अठ्ठ्याहत्तर," तो हळूच म्हणाला. "मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी तू अब्बांच्या पट्टीनं मोजत होतास. मला दिसत होतं. सांगितलं नाही, कारण चुकलं तर तू पुन्हा मोजायला येशील असं वाटलं." माझा आवाज शेडमध्ये मलाच मोठा वाटला. "अब्बांना म्हटलं होतं, उद्या सांगते. तू सोमवारी जा, मी अडवत नाही. पण ऐकून जा. माझं तुझ्यावर प्रेम आहे, वासिफ. पहिल्या गुरुवारपासून."