आबांच्या खोलीचं दार

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती.

गेल्या वर्षीचा पौष. इंदापूर तालुक्यातलं वरकुटे. ठमामावशीचे यजमान आप्पासाहेब, म्हणजे घरातले आबा, दुपारी गेले. त्यांना पोचवून आम्ही दिवेलागणीला घरी आलो.

तिथे एक रीत आहे. माणूस जिथे गेला तिथे पीठ पसरायचं, दिवा लावायचा, वर वेताची पाटी झाकायची. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला तो गेला.

मावशीने आबांच्या खोलीत तसं सगळं मांडलं. तिचा मुलगा दीपक बारामतीत विज्ञान शिकवतो.

"उंदीर फिरतो, आन् तुमी म्हणता आबा पाखरू झाले," तो म्हणाला. "खोली बंदच ठेवू. आईच्या डोक्यातलं हे खूळ एकदाचं जाऊ दे."

त्याने खिडकी लावली. फटींत चिंध्या कोंबल्या. दाराला कुलूप घातलं. किल्ली साक्षीदार म्हणून मला दिली.

शेजारच्या सारजाकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या.

"मास्तर, बापालाच कोंडलंस व्हय रं?"

कुणी हसलं नाही.

आप्पासाहेब दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. खाट दाराला लागूनच. कुणी दार लोटलं, की ते आतून बोटाने वाजवायचे. उघडेपर्यंत.

आम्ही जेवायला बसलो, आणि...

टक... टक.

दाराच्या आतून. खालच्या अंगाला.

मावशीचा घास हातातच राहिला.

"दीपक, दार उघड. त्यास्नी दार लोटल्यालं खपत न्हाय."

"उंदीर हाय, आई. आता उघडलं तर सगळं वाया जाईल."

"आरं, पाया पडते तुझ्या."

दीपकने नकारार्थी मान हलवली. मी किल्ली मुठीत धरून बसलो.

पहाटे आवाज थांबला.

उजाडल्यावर आम्ही कुलूप काढलं. पाटी उचलली.

पीठ जसंच्या तसं... एक रेघसुद्धा नाही.

"बघ आई! काय बी न्हाय!"

मावशी पिठाकडे बघत राहिली.

"म्हंजी ते गेलंच न्हायती," ती म्हणाली. "तू जाऊच दिलं न्हाईस."

तेव्हापासून दार सताड उघडं असायचं. तरी आवाज यायचा. दीपक बारामतीला चल म्हणून विनवायचा. मावशीचं एकच उत्तर.

"त्यास्नी कोंडून मी कुठं येऊ?"

शेवटी दीपकनेच सुतार बोलावला आणि दार काढून टाकलं.

गेल्या आठवड्यात मी गेलो होतो. भर दुपार. बाहेर ऊसतोड चाललेली. मावशी उंबऱ्यापाशी बसली होती. समोर नुसती चौकट...

टक... टक.

लाकडावर. जिथे आता लाकूड नाही.

"या की भायेर," मावशी म्हणाली. "दार काढलंय."

टक... टक.

दीपक माझ्याशेजारी उभा होता. तो माझ्याकडे वळला.

"ती किल्ली... हाय का रं तुझ्याकडं?"

आहे. अजून माझ्याकडेच आहे.

ती लावायची कुठे?