नैवेद्याचं पान

घडीतापाच्या वॉर्डात मीठ पुडीतून मिळे, तेही डॉक्टरांच्या सहीनं. जेवण सगळं अळणी. ताटाबरोबर प्रत्येक मुलाच्या नावाची एक मोजलेली पुडी येई. ती आईनं भातावर भुरभुरायची.

मंदाकिनी पेंडसे सात वर्षांच्या केतकीला घेऊन आल्या, तेव्हा त्यांना या पुडीचं नवल वाटलं, आणि विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक देतात याचंही.

"अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही म्हणतात ना?" त्यांनी डॉ. गावितांना हळूच विचारलं.

"जुनी नव्हती चालत, काकू. या विषाणूचा आरएनए म्हणजे एक लांब धागा. तो एका जागी दुमडतो, तिथं खिसा होतो. आमचं घडीमायसिन त्या खिशात जाऊन बसतं. मग विषाणूची पुढची नक्कलच निघत नाही."

"आणि मीठ?"

"धाग्यावर ऋणभार, औषधावर धनभार, म्हणून ते चिकटतं. पण मिठाचे धनभारित कणही त्याच धाग्याकडे धावतात. पाटावर आधीच कुणी बसलं तर पाहुण्यानं बसायचं कुठं? मीठ वाढलं की औषध निसटतं."

"मग देताच कशाला?"

गावितबाईंनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. "कानाच्या आतल्या पेशींतही तसाच एक खिसा आहे. मीठ अजिबात नसलं तर औषध तिथंही बसतं, आणि मग उठत नाही. इथल्या प्रत्येक आईला मी हेच सांगते: पुडी चुकवू नका."

मंदाकिनीबाईंनी मान डोलावली. पण त्यांच्या घरी नैवेद्याशिवाय घास तोंडात गेला नव्हता, आणि नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. स्टुलावरच्या तसबिरीपुढं ताट ठेवून त्या पाणी फिरवत आणि तोच प्रसाद लेकीला भरवत. देवानं घेतलेल्या अन्नावर वरून काही घालायला हात धजेना. रेणूंचं डॉक्टर बघतील, मुलीचं तो बघेल. पुड्या तसबिरीमागं साठत गेल्या.

"देवाला आधी, पोरीला मागनं?" शेजारच्या खाटेवरची सगुणा घाटगे हसायची. "देव काय उपाशी मरत न्हाई, काकू!" तिच्या विक्रांतला ती पुडी न चुकता घाली.

केतकीचा ताप उतरला. विक्रांतचा चढतच गेला.

त्या दिवशी तिन्हीसांजेला सगुणा त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. हसणं कुठल्या कुठं गेलं होतं. "काय केलंसा ओ काकू? सांगा की. माझं पोर जातंय."

खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. "मीठ नाही घातलं," त्या म्हणाल्या.

सगुणाच्या हातातली पुडी तशीच राहिली. दिवेलागण झाली होती. मंदाकिनीबाईंनी हात जोडले आणि रोजचं स्तोत्र सुरू केलं. शेवटची ओळ नेहमी केतकी म्हणायची.

केतकीनं त्यांचा पदर ओढला. "आई," ती सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली, "नुसतं तोंड काय हलवतेस? म्हण ना!"

त्यांनी आवाज चढवला. सारा वॉर्ड वळून बघू लागला.

"म्हण ना गं!"

सगुणा त्या पोरीकडं बघत राहिली. सगळं उमगलं तिला. मागं विक्रांतनं डोळे किलकिले केले. "आई, काकू काय म्हणत्यात? गोड लागतंय."

सगुणा त्याच्या उशाशी बसली. "ऐकून घे रं राजा," ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "नीट ऐकून घे."

आणि दुसऱ्या हातानं तिनं पुडी खाटेखालच्या पीकदाणीत रिकामी केली.