दंतमात्रा

पत्रिका जुळली होती, घराणे पसंत पडले होते, मुलाची नोकरी कायम असल्याची खातरजमा झाली होती. राहिला होता तो फक्त दाताचा दाखला. आणि तो इतका उत्तम आला की मुलीच्या वडिलांची झोप उडाली.

"पाच!" सांगलीचे हळदीचे व्यापारी अच्युत मगदूम यांनी दाखला टेबलावर ठेवला. "अठ्ठावीस वर्षांचा पोरगा आणि दंतमात्रा पाच. तुम्हाला पटतंय का, मॅडम?"

डॉ. वृंदा हळबे यांना पटत नव्हते. पण पटत नाही म्हणून खोटे, असा निष्कर्ष त्यांनी आयुष्यात कधी काढला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेचा तो दाखला पुन्हा वाचला. मुलाचे नाव शंतनू आवटी.

दंतमात्रा मोजण्याची पद्धत मिरजेतल्या याच प्रयोगशाळेत त्यांनी बसवली होती. तिच्यामागची कल्पना साधी होती. माणसाची कातडी बदलते, रक्त बदलते, हाडेसुद्धा हळूहळू नवी होतात. दातावरचे कठीण, पांढरे कवच मात्र एकदा तयार झाले की पुन्हा घडत नाही. क्ष-किरण किंवा तत्सम भेदक किरण त्यातून गेले की स्फटिकातले काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात, आणि ती जखम माणूस मेल्यानंतरही भरत नाही. समोरचा दात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरून त्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या की या जखमा मोजता येतात; दात उपटावा लागत नाही. जन्मापासून अंगावर पडलेल्या किरणांची ती बेरीज, म्हणजे दंतमात्रा.

पद्धत काढली होती ती रुग्णालयांत किरणोत्सर्गाजवळ राबणाऱ्यांच्या संरक्षणासाठी. मग ती विमा कंपन्यांनी उचलली आणि त्यांच्या मागोमाग विवाहमंडळांनी. पूर्वी नाडी पाहत, आता मात्रा पाहू लागले. नाडीला निदान प्रयोगशाळेचा शिक्का नसे.

"क्ष-किरणांचं यंत्र जन्मात न पाहिलेल्या माणसालाही जमिनीतून आणि आकाशातून वर्षाला साधारण एक मिलिग्रे, म्हणजे मात्रेचा एक अंक, मिळतोच," वृंदाताई म्हणाल्या. "त्याची मात्रा अठ्ठावीसच्या आसपास हवी."

"म्हणजे हा पाच वर्षांचा आहे म्हणता?"

"दात पाच वर्षांचा आहे. मुलगा नसावा."

फेरमोजणीसाठी बोलावल्यावर शंतनू दुसऱ्या दिवशी एकटाच आला. वृंदाताईंनी त्याचा वरचा ओठ उचलून भिंगातून पाहिले. हिरडीलगत केसाएवढी एक रेघ होती. ऐकीव माहितीवर त्यांचा विश्वास नसे, म्हणून 'दुधाच्या टोपी'बद्दल ऐकूनही त्यांनी ती आजवर बाजारगप मानली होती. लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात विकत घ्यायचे, त्यांचे कवच पातळ कापायचे आणि मोठ्या माणसाच्या पुढच्या दातांवर चिकटवायचे, अशी ती युक्ती. यंत्र प्रामाणिकपणे मोजते. कोणाचा दात मोजतो आहोत, हे त्याला कळत नाही.

"मागची दाढ मोजू?" त्यांनी विचारले.

"नाही म्हटलं तर?"

"नाही मोजणार. पण मग मला जे वाटतंय, तेच वाटत राहील."

तो कसनुसा हसला आणि त्याने तोंड उघडले. उजव्या दाढेत नेहमीपेक्षा थोडा जास्त आकडा आला. डावीकडच्या दाढेत दोन हजारांच्या वर.

"डाव्या कानामागे गाठ होती," शंतनू म्हणाला. "नऊ वर्षांचा होतो. किरणोपचार झाले, बरा झालो. गेल्या महिन्यात किल्ला चढून आलो. पण हे पहिल्या बैठकीत सांगितलं असतं, तर पोहे खाऊन उठले असते लोक."

"मात्रा म्हणजे रोग नव्हे. किरण किती पडले एवढंच दात सांगतो."

"हे तुम्ही दाखल्यावर लिहाल?"

वृंदाताईंनी कोरा दाखला पुढे ओढला. दाखल्यावर आकड्यासाठी एकच चौकट होती. ती त्यांनीच आखली होती.

"खरा आकडा लिहीन. तो दाखवायचा की फाडायचा, ते तू ठरव."

त्याने तो दाखवला. आठवडाभराने मगदूम पेढे घेऊन आले, आणि पेढे लग्न मोडल्याचे होते.

"वाचलो बघा, मॅडम! तुमच्यामुळे वाचलो."

"एक सांगा," वृंदाताईंनी खोक्याला हात लावला नाही. "चांगला दाखला पाहून माणसं खूश होतात. तुम्हाला संशय कसा आला?"

"आकडाच तसा होता की."

"आकड्याचा अर्थ तर मी तुम्हाला इथे सांगितला."

मगदूमांनी खिडकीबाहेर पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "चिक्कीमुळं. बघायच्या कार्यक्रमाला घरची शेंगदाण्याची चिक्की ठेवली होती. कुणीही दातानं तोडतो. ह्यानं बोटांनी मोडली, तुकडा मागच्या दाढेखाली सरकवला. तवाच ओळखलं. डॉक्टर तसंच खायला सांगतात. नाहीतर टोपी निघते."

"कोणाला सांगतात?"

आता उत्तराची गरज नव्हती. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हे.

"आमची रेवती क्ष-किरण विभागात काम करते," मगदूम म्हणाले. "मात्रा पंचेचाळीस. तुम्हीच म्हणाल, काहीच नाही. पण मुलाकडचे काय म्हणतील? वय चोवीस आणि मात्रा पंचेचाळीस! म्हणून दोन टोप्या बसवल्या. समोर बसली होती तीपण चिक्की मोडत. दोघंही बोटांनीच."

"दोघांनी एकमेकांना ओळखलं असेल."

"ओळखलं असेल. काल रडत होती." त्यांनी घसा साफ केला. "ते जाऊ द्या. इचलकरंजीचं स्थळ आलंय. त्यांना तुमच्याच सहीचा दाखला पाहिजे. टोपीवरच यंत्र लावा, येईल तो आकडा लिहा. यंत्र कुठं खोटं बोलतंय?"

"यंत्र नाही. सही बोलेल."

"शेकडो पोरींचं आयुष्य ह्या आकड्यावर टांगलं तुम्ही, आणि एकीसाठी सही जड झाली?"

"टांगलं मी नाही, मगदूम. रेवतीला टोपी काढून पाठवा, नाहीतर पाठवू नका."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "तुमच्या घरात लग्नाची पोर नाही, मॅडम. म्हणून हे जमतंय."

पेढ्यांचे खोके टेबलावर तसेच राहिले.

संध्याकाळी वृंदाताई घरी पोचल्या तेव्हा सात वर्षांची नात ओवी अंगणात उभी होती. तळहातावर तिचा पुढचा दात होता, तांदळाच्या कणीहून जरा मोठा. दात कौलांवर फेकायचा आणि उंदराकडे नवा मागायचा, हे आजीनेच तिला शिकवले होते. गेल्या वर्षीचे दोन्ही दात त्यांनी मिळून फेकले होते.

"फेकू, आजी?"

"थांब गं!" सून सायली पदराला हात पुसत धावत बाहेर आली. तिने दात अलगद उचलला आणि स्टीलच्या छोट्या डबीत ठेवला. "आई, सोमवारी हिच्या कानाचं सीटी स्कॅन आहे. त्याच्या आधी पडला हे किती बरं झालं! हा स्वच्छ आहे. पुढे कधी गरज पडली तर परक्याचा नको शोधायला, हिचाच हिला. ह्यात खोटं काही नाही ना?"

एका स्कॅनने मुलीच्या आयुष्यात काडीचा फरक पडणार नाही, हे वृंदाताईंना पूर्ण माहीत होते. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलेही. पण त्यांना आठवली ती एकच चौकट, तिच्यात लिहिलेला शंतनूचा आकडा, आणि बोटांनी चिक्की मोडणारी, कधी न पाहिलेली एक मुलगी. अजून पंधरा-वीस वर्षांनी ओवी कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसेल. समोरचे लोक तिच्याकडे पाहणार नाहीत, तिच्या खाण्याकडे पाहतील.

त्यांनी सायलीच्या हातातली डबी घेतली, झाकण उघडून पाहिले आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या,

"ही चालणार नाही. पडलेल्या दातातही जमिनीतले किरण साठत राहतात. वीस वर्षांत याचं वय कळेल. शिशाची हवी, जाड. प्रयोगशाळेतून मी आणते."

मग त्या ओवीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि तिची हनुवटी वर उचलून उजेडाकडे वळवली.

"आ कर बघू, बाळा. सोमवारच्या आत आणखी कोणता हलतोय?"