आसनक्षमता : चालकासह पाच

विषय : खासगी चारचाकी वाहनाची नोंदणीकृत आसनक्षमता पाचवरून चार करून मिळणेबाबत.

संदर्भ : श्री. आदगोंडा चौगुले, राहणार सांगली, यांचा अर्ज.

असा अर्ज परिवहन कार्यालयात सहसा येत नाही. लोक पाचाच्या जागी नऊ माणसं कोंबतात आणि ते कार्यालयाला कळवत नाहीत. एक जागा कमी करून द्या म्हणून आजवर कुणी रांगेत उभं राहिलेलं नव्हतं. त्यामुळे खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि ‘कारण’ या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं : एक जागा भरलेली आहे.

“भरलेली आहे म्हणजे काय, काका?”

“म्हणजे रिकामी होत न्हाई,” आदगोंडा म्हणाले.

बाईंनी शिक्का मारला. शिक्का मारायला कारण समजावं लागत नाही.

हकिगत अशी. आदगोंडा हळदीचे व्यापारी. साठी उलटल्यावर पेढी मुलाच्या, पारसच्या, गळ्यात घालून ते मोकळे झाले आणि मोकळ्या माणसाला जडतो तसा त्यांनाही एक रोग जडला : बिघडलेल्या गाड्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी दोन स्कूटर, एक जीप आणि शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप दुरुस्त केला होता. प्रत्येक वेळी हातात दोन-चार स्क्रू उरत. ते कंपनीने जास्तीचे दिलेले असतात, असं त्यांचं म्हणणं.

या खेपेला मात्र निव्वळ हौस नव्हती. त्यांची मुलगी ब्राह्मी जत तालुक्यात दिलेली. मागच्या वर्षी, पोटुशी असताना सहाव्या महिन्यात, तिच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा भाड्याच्या जीपने, खड्ड्याखड्ड्यांतून, तिला मिरजेच्या दवाखान्यात आणलं. जीप पोचली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. यंदा तिला पुन्हा दिवस गेले तशी आदगोंडांनी तिला तिसऱ्याच महिन्यात माहेरी आणलं आणि मनाशी एक ठरवलं : ही पोरगी मिरजेला जाईल ती अशा गाडीतून, जिच्यात भरलेला तांब्या ठेवला तरी थेंब सांडणार नाही. सांगली ते मिरज अंतर ते किती! पण भ्यालेल्या बापाला नकाशा दाखवून उपयोग नसतो.

अशी गाडी साताऱ्यात निघाली. परदेशी बनावटीची, काळी, लांबलचक, बारा वर्षांची. किंमत नव्या स्कूटरइतकी. असा हत्ती स्वस्तात मिळतो तो त्याचा चारा महाग असतो म्हणून, हे आदगोंडांना ठाऊक होतं. विकणारा ऋषिराज नावाचा तरुण, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बंगला. व्यवहार झाला, आणि ऋषिराज दुसरी किल्ली शोधायला आत गेला.

पोर्चमध्ये वेताच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. भर मे महिन्यात गळ्याला मफलर, पायांत बूट, मांडीवर कापडी पिशवी. ते गाडीकडे पाहत होते. दोघंच असल्यावर गप्प बसणं आदगोंडांना अवघड गेलं आणि ते सवयीने बोलले, “काय आजोबा, येतायसा काय सांगलीला? चला की! गाडी मोकळीच हाय.”

आता हे बोलणं कशाचं असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. जेवणाऱ्याने “या जेवायला” म्हणायचं, दारातल्याने “चालू द्या” म्हणायचं, आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. “चालू द्या” हे उत्तर येणारच, या भरवशावर तर सगळा जिल्हा एकमेकांना जेवायला बोलावत असतो.

म्हातारे “चालू द्या” म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “बरं.”

आदगोंडा हसले. ऋषिराज किल्ली घेऊन आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. म्हातारा माणूस आत गेला असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पुढचे पंधरा दिवस ते गाडीखाली होते. इंजिन गुरगुरायचं थांबलं, गळती थांबली. एकच गोष्ट थांबेना. स्टिअरिंगमागच्या काचेत गाडीतल्या पाच जागांचं छोटं चित्र उमटे. ज्या जागेवर माणूस बसून पट्टा लावत नाही ती तांबडी होते आणि टुंग, टुंग असा आवाज येतो. पट्टा लावला की हिरवी. मागची डावी जागा सतत तांबडी असे.

“सीटखालची वजनाची पट्टी गेली असणार,” आदगोंडांनी बायकोला, गुणमालाबाईंना, सांगितलं. पट्टी बदलली. तांबडी. वायर काढली. तांबडी. शेवटी एका दुपारी त्यांनी मागची अख्खी बैठक उचकटून अंगणात जांभळीखाली नेऊन ठेवली. गाडीत मागे नुसता पत्रा राहिला. पत्रा तापून चुरचुरत होता. रस्त्यावर माणूस नव्हतं. आदगोंडा पुढे बसले आणि किल्ली फिरवली.

टुंग... टुंग... टुंग...

“आता कोण बसलंय रं तिथं?” ते वैतागून मोठ्यांदा म्हणाले.

आवाज बंद झाला. काचेतली तांबडी जागा हिरवी झाली.

आदगोंडांनी सावकाश मान वळवली. डाव्या बाजूचा पट्टा ओढलेला होता आणि त्याची जीभ कुलपात बसलेली होती. खाली बैठक नव्हती, पाठीला टेकण नव्हतं, तरी पट्टा सैल पडलेला नव्हता. हवेत, माणसाच्या पोटाइतका, तो पुढे आलेला होता. आणि बघता बघता तो किंचित आत गेला. पुन्हा पुढे आला. पुन्हा आत... निलगिरीच्या तेलाचा वास शेडभर पसरला होता.

त्यांनी ऋषिराजला फोन लावला तेव्हा बोटं ऑइलने माखलेली होती.

“पोर्चमध्ये म्हातारे? आमच्याकडं कुणी म्हातारं नाही, काका,” ऋषिराज म्हणाला. मग त्याने विचारलं, “मफलर होता का?”

“व्हय.”

“वडील माझे. दीड वर्ष झालं. छातीचा त्रास होता, मिरजेला दाखवायला निघालो होतो. ह्याच गाडीत, मागं डावीकडं बसलेले. इस्लामपूरच्या अलीकडं विचारलं त्यांनी, मिरज आलं का म्हणून. मी म्हटलं, आलंच. वळून बघितलं तर... तिथनंच माघारी फिरलो आम्ही.”

“हे आधी सांगायचं हुतं गड्या.”

“गाडीबद्दल विचारलंत, ते सगळं सांगितलं की, काका,” ऋषिराज म्हणाला. ते खरंच होतं.

गुणमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, णमोकार मंत्र म्हटला आणि मग नवऱ्याकडे वळल्या. “बोलीवलं कुणी?”

“आवं, असंच म्हणायचं म्हणून म्हणालो.”

“पारसच्या लग्नातबी असंच म्हणालासा, तवा दोनशे माणूस जास्त आलं. तुमीच बोलीवलंय, तुमीच पोचवून या. मिरजेला जायचं राहिलंय न्हवं त्यांचं? न्या मिरजेला.”

दुसऱ्या दिवशी बैठक परत बसवून आदगोंडा निघाले. जागा हिरवी होती. आरशात मागची बैठक रिकामी दिसत होती, फक्त डावीकडची गादी दबलेली होती. विश्रामबाग मागे पडलं आणि न बोलणं त्यांना अवघड व्हायला लागलं.

“काच खाली करू काय?” ते म्हणाले.

निलगिरीचा वास तेवढा वाढला. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी सकाळची गर्दी होती. रिक्षा, डबे घेऊन आलेल्या बायका, शहाळीवाला. त्या गर्दीमुळे त्यांना जरा धीर आला. खाली उतरून त्यांनी मागचं दार उघडलं आणि हात जोडले. “आलं बघा मिरज. उतरा सावकाश.”

मग पट्ट्याचं कुलूप खट् करून सुटलं. पट्टा सळसळत मागे गेला. गादी हळूहळू फुगून सपाट झाली आणि गाडीची मागची बाजू, ओझं उतरल्यासारखी, दोन बोटं वर आली. काचेतली जागा विझली. वास दवाखान्याच्या पायऱ्यांच्या दिशेने लांब लांब जाऊ लागला.

आदगोंडांचे डोळे भरून आले. कुणाला पोचवलं की माणसाला जे समाधान होतं ते त्यांना झालं. आणि साठ वर्षं जिभेला जे वळण होतं, त्या वळणाने जीभ गेली.

“बरं आजोबा,” ते म्हणाले, “या मग.”

शब्द तोंडातून सुटला आणि त्यांनी जीभ चावली. पायऱ्यांपर्यंत गेलेला वास थांबला. मग तो परत जवळ यायला लागला... सावकाश, म्हातारं माणूस येतं तसा. गाडी दोन बोटं खाली बसली. टुंग... टुंग... आणि खट्.

“‘या’ म्हणालासा?” घरी गुणमालाबाईंनी कपाळावर हात मारला.

“मग काय म्हणू? ‘जावा’ म्हणू? म्हाताऱ्या माणसाला? दवाखान्याच्या दारात?”

निघणाऱ्याने “येतो” म्हणायचं आणि राहणाऱ्याने “या” म्हणायचं. आमच्या भाषेत माणसाला निरोप द्यायची सोयच ठेवलेली नाही. पुढे आदगोंडांनी मन घट्ट करून, डोळे मिटून, शेडमध्ये एकदा “जावा” म्हणूनही पाहिलं. जागा हिरवीच राहिली. मनापासून म्हटलेलं आणि तोंडदेखलं म्हटलेलं, यातला फरक पाहुण्याला कळत असावा. फक्त बोलावताना तो तसा कळला नव्हता.

गाडी विकावी, तर घेणाऱ्याला काय सांगायचं? आणि त्याने काही विचारलंच नाही तर? ब्राह्मीसाठी शेजारच्या आळीतली रिक्षा ठरवून आदगोंडांनी गाडीवर ताडपत्री घातली. मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं. पोटुशीला असलं सांगत नाहीत.

एके दिवशी दुपारी ब्राह्मी घरात दिसेना. हाका मारत आदगोंडा मागे आले तर ताडपत्री एका बाजूने वर केलेली. मागच्या डाव्या जागेवर ब्राह्मी डोळे मिटून, मान टाकून बसली होती.

“ब्राह्मी! ऊठ तिथनं!”

“थांबा की अण्णा,” ती झोपाळू आवाजात म्हणाली. “हितं लय गार वाटतंय. चार दिस झालं, मी हितंच येऊन बसतीया. रातभर लाथा मारतंय ह्ये, झोपू देत न्हाई. हितं बसलं की गप हुतंय बघा. अजिबात हलत न्हाई.”

आदगोंडांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. तिचा हात बर्फासारखा होता. अंगणात उन्हात आल्यावर बऱ्याच वेळाने तिने पोटावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, “हाललं.” तोवर आदगोंडा खाली पायरीवर बसले होते.

त्याच संध्याकाळी ते गाडीची कागदपत्रं घेऊन बसले. नोंदणीच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. आसनक्षमता : चालकासह पाच. बैठक काढली तरी पाहुणा उठला नव्हता, याचा उलगडा त्यांना तिथे झाला. बैठक अंगणात गेली होती, पण सरकारदरबारी जागा गाडीतच होती. कागदावर जागा आहे तोवर माणसाला ऊठ कुठल्या तोंडाने म्हणणार? हाच युक्तिवाद आपल्याकडे जिवंत माणसांच्या बाबतीत रोज मान्य होतो, त्यामुळे तो खुळा म्हणता येणार नाही. त्यांनी शेडला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि अर्ज लिहायला घेतला.

अर्जानंतर बारा दिवसांनी वाहन तपासणीसाठी हजर करण्याचा निरोप आला. आदगोंडा सकाळी एकटेच गाडी घेऊन गेले. जाताना ब्राह्मी ओट्यावर शेंगा सोलत बसलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि गुणमालाबाईंना बजावलं, “तिच्यापास्नं हलू नका.” आवारातल्या निंबाखाली गाडी लावून ते शुल्क भरायच्या रांगेत उभे राहिले. तरुण निरीक्षक हातात लिहायची फळी घेऊन गाडीकडे गेला. लांबून तो दिसत होता. त्याने मागचं दार उघडलं, वाकून आत काही बोलला, मान डोलावली, आणि दार आवाज न करता, हळूच, लावून घेतलं.

परत येऊन त्याने कागद आदगोंडांच्या हातात दिला आणि पुढच्या वाहनाकडे वळला. शेरा सुवाच्य अक्षरात होता :

‘वाहन तपासले. मागील डाव्या आसनावर मफलर गुंडाळलेले एक वृद्ध गृहस्थ, मांडीवर तान्हे मूल घेऊन बसलेले आढळले. उतरण्याची विनंती केली असता, मूल रात्रभर लाथा मारत होते, आत्ताच झोपले आहे, असे सांगून त्यांनी नकार दिला. त्यामुळे आसनाची तपासणी करता आली नाही. सदर इसमास उतरवून वाहन पुन्हा हजर करावे.’

ब्राह्मीला आठवा महिना चालू आहे. अर्ज प्रलंबित आहे.