बाजारतळावरची टाळी

प्रणव, आधी तो टीव्ही बंद कर. आणि मध्येच "काका, लॉजिकली..." सुरू करायचं नाही. आमचा अवधूत थापा मारणाऱ्यातला नव्हे. तेव्हा नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, एनिस्किलनच्या बाजूला डॉक्टर होता. सांगतोय ते त्याच्याच तोंडचं.

तेरा नोव्हेंबर दोन हजार चार. शनिवार, दिवाळीचा पाडवा. अवधूत एका मित्राकडे फराळ पोचवायला निघाला. बायको शैला ऑन-कॉल, म्हणून सहा वर्षांची वरदा मागच्या सीटवर. रात्री साडेआठला एका खेड्यात टायर बसला. शेजारी मोकळं मैदान. पूर्वीचा गुरांचा बाजारतळ, बाजार कधीच बंद पडलेला. चिटपाखरू नाही. अवधूत स्पॅनर घेऊन चाकाशी बसला, आणि वरदानं "बाबा, आय ॲम हंग्री!" म्हणून भोकाड पसरलं.

"पोर तुझी?" मागे एक म्हातारा उभा. डोक्यावर टोपी, हातात जाड काठी. "काय घेशील तिचं?"

आता आपली माणसं कशी, ठाऊक आहे ना? पोर रडलं की "देऊन टाकीन हं बुवाला!" अवधूत म्हणाला, "फुकट घेऊन जा! वर डबाभर चकल्या देतो." म्हातारा हसला. त्यानं हात पुढे केला. स्वारी रंगात आलेली... दिली टाळी.

हात ओला लागला. म्हातारा तळहातावर थुंकला होता. अरे, त्या मुलखात गुरांचे सौदे असेच व्हायचे. थुंकलेल्या हातावर हात पडला की सौदा पक्का, माघार नाही. हे अवधूतला कुठून ठाऊक असणार!

म्हाताऱ्यानं गाडीचं दार उघडलं. वरदाला मानगुटीला धरून ओढलं. ती किंचाळली. अवधूत धावला. काठी खांद्यावर बसली. हाड मोडल्याचं त्यानं स्वतः ऐकलं. डाव्या हातानं त्यानं स्पॅनर म्हाताऱ्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. जबडा लोंबला... रक्त नाही. एक थेंब नाही. पकड सुटेना. मग मनगटावर घाव. बोटांवर घाव. एकेक बोट मोडलं... तेव्हा पोर सुटली.

बसलेल्या टायरवरच त्यानं गाडी पळवली.

हॉस्पिटलमध्ये खांदा बांधताना मॉरीन नावाच्या वयस्कर नर्सनं सगळं ऐकून घेतलं. हळूच विचारलं, "डॉक्टर, त्यानं तिला चिखल लावला का?"

"म्हणजे?"

"विकत घेतलेल्या जनावराच्या पाठीवर लावायचे. दुसऱ्यानं बोली लावू नये म्हणून. बाजार उठला की नवा मालक येऊन न्यायचा."

वरदाचा कोट स्वच्छ. फ्रॉक स्वच्छ. आत, पाठीवर... चिखलाचा चार बोटांचा पट्टा.

ते एडिनबराला निघून आले. वरदा आता अकरा वर्षांची आहे. शैला रोज रात्री तिची पाठ घासते. स्वच्छ निघते. गेल्या ख्रिसमसला मी त्यांच्याकडे होतो. सकाळी शैला वरदाची चादर घेऊन खाली आली. नुसती माझ्यापुढे धरली.

मी हात लावला...

चिखल ओला होता.